सानगडीच्या मंडईआधीचं रबर

तुमसरात कार्तिक आला हे कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतं. राईस मिलच्या टाक्यांमध्ये धान उकडायला लागलं की त्याचा ओला, उबदार, किंचित आंबूस वास गल्लीबोळांत शिरतो आणि आमच्या दुकानातल्या साड्यांच्या घड्यांतही जाऊन बसतो. बाहेरगावचं गिऱ्हाईक नाक मुरडतं. मी म्हणते, बसा हो, लुगडी बघेस्तोवर सवय होईल. मिलच्या रस्त्यावर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, हवेत कोंडा तरंगत असतो, आणि दुखत काहीच नसताना माझा हात आपोआप कमरेवर जातो. परवाही गेला. मिलसमोरच्या गतिरोधकावर मी गाडी हळू केली, पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि मी श्वास धरून गाडीच्या आतल्या आवाजाची वाट बघत बसले. आवाज आला नाही. मागचा ट्रॅक्टरवाला मात्र भोंगा वाजवून थकला.

चार बायका जमल्या की लग्नातला शालू कसा निवडला, घराच्या फरशीचा रंग कोणी ठरवला, असल्या गोष्टी निघतात. साड्यांच्या दुकानात उभा जन्म गेल्यामुळे मी दुसऱ्यांच्या निवडी ढिगाने पाहिल्या आहेत. स्वतःची म्हणावी अशी निवड मात्र मला एकच आठवते, आणि ती रबराची आहे. मोटारीच्या बुशांची. हे सांगितलं की बायका माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात.

तर ती गाडी. दोन माणसांची, कापडी टपाची, हळदीच्या रंगाची, फायबरच्या अंगाची. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, त्यानंतर काही वर्षांनी तिथल्या एका हौशी कंत्राटदाराची हौस फिटली आणि ती माझ्याकडे आली. तेव्हाच ती जुनी होती, आणि बनवणारी कंपनी गाशा गुंडाळून बसली होती. माझे यजमान शाळामास्तर. घरात, दुकानात, गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, मीही. गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा मास्तर तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "नंदा, हे गाडी होय का खेळणं? अना मागे बसाचं कोणी?"

"मागे कोणी बसाचंच नाही," मी म्हटलं. "म्हणूनच त घेतली."

हे मी थट्टेत बोलले असं त्यांना वाटलं. सासऱ्यांच्या माघारी दुकान माझ्या अंगावर आलं होतं. आंधळगाव, मोहाडीच्या विणकरांच्या घरी कोशाचं रेशमी सूत पोचवायचं, तयार साड्या आणायच्या, हे काम आधी भाड्याच्या जीपने व्हायचं, आणि त्या जीपमध्ये माझ्याबरोबर कुणाची ना कुणाची आत्या, कुणाचं पोतं, कुणाची बकरी हटकून असायची. या गाडीत मागे साड्यांचं एक गाठोडं मावायचं आणि शेजारच्या सीटवर दुसरं. झालं. तिसऱ्याला जागाच नाही. टप उघडून धानाच्या बांध्यांमधून जाताना मी कुणाची सून नसायची, कुणाची शेठाणी नसायची. रस्त्याच्या कडेला गुरं राखणारे हात वर करायचे, मीही करायचे.

बुश म्हणजे काय, हे चाळिशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. लोखंडाच्या दोन नळ्या, एकीत एक, आणि मधे घट्ट बसवलेलं रबर. मुठीत मावेल एवढी वस्तू. चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, तिथे ती बसते. रस्त्याचा दणका चाकाने घ्यायचा, हाताने पुढे ढकलायचा, आणि बसलेल्या माणसापर्यंत पोचायच्या आत या रबराने गिळायचा. ते चांगलं असतं तोवर त्याची आठवण कुणालाच येत नाही. माझ्या गाडीचं गेलं त्या वर्षी मला दिवसरात्र दुसरं काही सुचलं नाही.

पावसाळा सरता सरता सुरू झालं. प्रत्येक खड्ड्याला पुढून 'ठक्क'. मग दोन्ही बाजूंनी 'ठक्क ठक्क'. स्टिअरिंग सरळ धरावं तर गाडी डावीकडे ओढायची, आणि हायवेवर ट्रक शेजारून गेला की कुठे जाईल त्याचा नेम नसायचा. त्याच सुमारास माझी कंबर धरली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. हे एक हाड, हे दुसरं, आणि मधली ही गादी, ती सरकली आहे.

"म्हणजे बुश गेला," मी म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत. दणके टाळा म्हणाले. आणखी सरकली तर पाय बधिर होईल, मग ऑपरेशन, आणि त्यानंतरचं आताच काही सांगता येत नाही. मास्तर सोबत होते. घरी चहा पुढे ठेवला तेव्हा बोलले.

"गाडीचे बुश बदलता येतात, नंदा. तुझे नाही बदलत. विकून टाकू."

गिऱ्हाईक त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. साकोलीचे एक बिछायत केंद्रवाले. मांडव, खुर्च्या, घोडी सगळं भाड्याने द्यायचे. त्यांना नवरदेवाच्या वरातीसाठी अशीच उघडी गाडी हवी होती. झेंडूच्या माळा लावायच्या, टप दुमडून नवरदेवाला मागे उंचावर बसवायचं, आणि बँडच्या मागून मुंगीच्या पावलाने गाव फिरवायचं. माझी गाडी! तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू, म्हणून त्यांना घाई होती. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारं झालं म्हणून घोड्याला कुणी पाळण्याला जुंपतं का?

"मंडईपर्यंत थांबा," मी म्हटलं. "सानगडीच्या मंडईले मी सोता गाडी चालवत जाईन. अना तिथे कोणाचा हात न धरता उतरीन. नाही जमलं त त्याच दिवशी द्या त्यायले, मी एक शब्द बोलणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

यातली खरी मेख कुणाचा हात न धरण्यात होती, ते त्या गाडीत बसल्याशिवाय कळायचं नाही. तिची सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. आत जाणं म्हणजे घसरणं आणि बाहेर येणं म्हणजे विहिरीतून वर येणं. कंबर धरल्यापासून मला रोज कुणीतरी हाताला धरून बाहेर ओढत होतं. दुकानासमोर, भर रस्त्यात.

मंडई आमच्या झाडीपट्टीबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई भरते. पाहुण्यांनी घर फुटायला येतं, दुपारी दंडार नाचते, उकडलेल्या सिंगाड्यांचे ढीग लागतात, आणि रात्री नाटक. लेकी त्यासाठी माहेरी येतात. दिवाळीला नाही आली तरी चालते, पण मंडईला आली नाही तर लेकीचं काहीतरी बिनसलं असं गाव धरून चालतं. सानगडी माझं माहेर. माय त्या वर्षी फोनवर एकच विचारायची. "मंडईले येतेस ना वं? जीपनं ये नाही त कशानं ये, पण येजो." मी येते म्हणायचे, आणि कशाने ते सांगायचे नाही.

शेंडे मिस्त्रींचं गॅरेज एका मिलच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. त्यांनी जुने बुश काढून माझ्या हातावर ठेवले. रबर चिरलेलं, एका अंगाने नळीपासून सुटलेलं, म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखं. नागपूरहून मागवलेले नवे म्हणवणारे बुश आले ते कुठल्या फळीवर वर्षानुवर्षं पडून दगड झालेले निघाले. नखाने दाबले तर नख दुखलं.

"कंपनीच बुडाली त रबर कोण बनवणार, वैनी?" शेंडेभाऊ म्हणाले. मग त्यांनी भिंतीपलीकडे मान वळवली. "पण एक सांगू का? तुमसरात रबराचा काय दुष्काळ आहे?"

आणि इथे आम्ही सगळ्यांनी मिळून ती चूक केली, जी तुमसरात राहणारा माणूसच करू जाणे. धानाचं टरफल काढायला मिलमध्ये रबराचे दोन जाड रोल असतात. एक जोरात फिरतो, एक जरा हळू, आणि दोघांच्या मधून जाताना दाणा आपला अंगरखा टाकून बाहेर पडतो. घासून गेलेले रोल मिलच्या मागे पडलेले असतात, आणि ते रबर आमच्याकडे कशालाही लागतं. पलंगाच्या पायाला, पाळण्याच्या कडीला, हातपंपाच्या दट्ट्याला. एवढं धान सोलणारं रबर एका फायबरच्या गाडीला भारी पडेल का? हा प्रश्न ज्याला ज्याला विचारला, त्याने मान हलवून 'नाही' म्हटलं. मास्तरही म्हणाले, मिलचं रबर असेल तर मजबूतच. लेथवाल्याने रोल कापून, कातून काळेकुळकुळीत बुश करून दिले. मी ते पिशवीत घालून घरी नेले आणि देवापुढे ठेवले.

पहिल्या दिवशी गाडी रुळावर धावावी तशी सरळ धावली. 'ठक्क' बंद. मला इतका आनंद झाला की शेंडेभाऊंच्या घरी पेढे धाडले. पी हळद आणि हो गोरी असा सगळा प्रकार. दुसऱ्या दिवशी आंधळगावला निघाले आणि वाटेत हळूहळू उमगलं की आवाज बंद झालाय, दणका नाही. प्रत्येक खडा, प्रत्येक भेग, डांबरात रुतलेलं बाटलीचं झाकणसुद्धा, तक्रार न करता सरळ माझ्या मणक्यात येत होतं. रोलचं रबर घासायला बनवलेलं. त्याला झिजणं माहीत, वाकणं माहीत नाही. परत येताना मोहाडीच्या पुढे कमरेत वीज चमकली. दुकानासमोर पोचले तेव्हा इंजिन बंद करायला हात गेला, पण पाय उचलला गेला नाही. मास्तरांनी आणि शेंडेभाऊंनी मला दोन्ही काखांत धरून काढलं. समोरच्या किराणा दुकानातली सगळी गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघत होती. शेंडेभाऊंनी गाडी हलवली तेव्हा तिच्याखाली रबराचा काळा भुगा पडलेला होता, खोडरबराचा पडतो तसा.

दिवाळी मी पलंगावर काढली. लक्ष्मीपूजनाची घंटा ऐकली, फटाके ऐकले, आणि माजघरातून मास्तरांचा फोनवरचा आवाजही ऐकला. ते बिछायतवाल्यांना सांगत होते की मंडईच्या दिवशी सानगडीलाच या, तिथेच घेऊन जा. मला राग आला नाही. रडू आलं, हे कबूल करते. शब्द मीच दिला होता, आणि घोडामैदान आता फार दूर नव्हतं.

दुकान मात्र पलंगापर्यंत येत होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आंधळगावहून एक नवी करवतकाठी आली. विणकराचं म्हणणं, बाईंनी हात लावल्याशिवाय किंमत ठरवायची नाही. मी पडल्या पडल्या साडी पोटावर उलगडली. अंग कोशाचं, मऊ, हाताखालून वाहतं. काठ सुती, ठासून विणलेला, करवतीच्या दात्यांचा. काठाला बोटांनी ताण दिला, तो जागचा हलला नाही. अंगाला दिला, ते सैल होऊन परत आलं. हजारदा केलेली ही गोष्ट. पण त्या दुपारी हात तिथेच थांबला. काठ घट्ट लागतो, नाहीतर साडी फताडी होते, अंगावर राहत नाही. पण सगळी साडी काठासारखी विणली तर ती नेसेल कोण? आम्ही गाडीला नखशिखांत काठ लावला होता. मी 'मजबूत कुठलं' एवढंच विचारत फिरले. कुठल्या जागेला काय काम आहे, हे विचारलंच नाही. स्वतःच्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला अर्धा तास पाणी पाजून समजावलं असतं.

उठता यायला लागलं तशी मी नागपूरला निघाले. तुमसर रोड स्टेशनहून रेल्वे पकडली आणि उभी राहूनच गेले, कारण बसलं की कमरेत कळ यायची. मास्तर सोबत आले. त्यांना हे पटलेलं नव्हतं, पण मला एकटीला सोडणंही पटत नव्हतं. मोटारीच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात काउंटरवर एक जाडजूड काका होते. त्यांनी गाडीचं नाव ऐकलं, भुवया वर केल्या, आणि लाल चकचकीत बुशांची पिशवी माझ्यासमोर ओतली. जत्रेतल्या साखरेच्या खेळण्यांसारखे दिसत होते.

"स्पोर्ट गाडी आहे ना मॅडम? मग हेच लावा. पॉलियुरेथेन. रेसवाले लोक हेच घेऊन जातात. एकदम टाईट."

अंगठ्याने दाबून पाहिला. घट्ट. मिलच्या रबरापेक्षा कितीतरी शहाणा, झिजणाऱ्यातला नाही, पण शेवटी काठच. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, आता मला एकेक जागा सांगा. ही जागा काय करते? काकांनी आधी कंटाळा केला. मग मी हलत नाही म्हटल्यावर स्टूल पुढे ओढलं आणि कागदाच्या कपट्यावर पेनाने गाडी काढून दाखवली. इथे चाकाचा हात वरखाली होतो, बुश दर वेळी पिळला जातो. रस्ता जो काही येतो तो इथून येतो. आणि हा आडवा दांडा, तो वळणावर गाडी एका अंगाला कलू देत नाही. त्याच्या बुशाला खड्ड्याशी फार देणंघेणं नाही, गाडी ताब्यात ठेवणं एवढंच त्याचं काम.

"मग दांड्याले लाल द्या," मी म्हटलं. "अना हातांले साधं रबर. चांगलं, ताजं, नरम."

"अर्धं असं, अर्धं तसं? असं कोणी नाही लावत, मॅडम."

"साडीत लावतात."

काका गोंधळून मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर हसले. दिवाळीपासून पहिल्यांदा हसताना दिसले, म्हणून मला ते दुकान अजून आवडतं.

नरम रबर आमच्या गाडीचं मिळणार नव्हतंच. काकांनी माप घेऊन एका साध्या घरगुती गाडीचे बुश शोधून काढले. बाहेरची नळी लेथवर जराशी उतरवली की बसतील म्हणाले. एकेक मी दाबून, पिळून, वास घेऊन पाहिला. दोन परत केले. आमच्या दुकानात पदर उलटासुलटा करणाऱ्या बायकांना मी मनातल्या मनात काय काय बोलत आले होते, ते सगळं आठवलं. पण परत केलेले परत केलेच. निघताना काका म्हणाले, मिस्त्रीला एक सांगा. जॅकवर गाडी लटकलेली असताना नट आवळू नको म्हणावं. चाकं जमिनीवर, माणसं आत बसलेली, मग आवळायचं. नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

शेंडेभाऊंनी दोन रंगांचे बुश पाहिले आणि कपाळाला हात लावला. "वैनी, खिचडी करून राहिले तुम्ही."

"करा ना खिचडी. आजारी माणसाले तेच देतात."

मिलच्या वर्कशॉपमधल्या प्रेसवर, साबणाचं पाणी लावून, एकेक बुश चाकाच्या लोखंडी हातांत बसला. मग गाडी चार चाकांवर गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभी केली, शेंडेभाऊ पान्हा घेऊन खाली उतरले, आणि मी मास्तरांना म्हटलं, बसा.

"मी? कायले?"

"वजन पायजे. मंडईले दोघं जाणार ना? मग दोघांचं वजन."

म्हणजे जी गाडी विकायला निघाले होते तिच्यातच त्यांना वजन म्हणून बसावं लागलं. टप उघडा होता. वर मिलचा पत्रा, पत्र्यावर कोंड्याची साय, आणि भिंतीपलीकडे रोलांची घरघर. खाली पान्ह्याची करकर. आम्ही दोघं समोरच्या विटांच्या भिंतीकडे बघत बसलो होतो. मग मास्तर म्हणाले, "तुले वाटते मले हे गाडी आवडत नाही."

"मग?"

"तुले त्या दिवशी ओढून काढलं ना. तुझा एक पाय मांग राहिला होता. तुले माहीत नाही, तू डोये मिटले होते. मी थो पाय हातानं उचलून बाहेर ठेवला. लाकडासारखा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मले भेव लागते, नंदा. एवढंच आहे. बाकी काही नाही."

इतकी वर्षं संसार करून मास्तरांनी भीती हा शब्द माझ्यासमोर उच्चारलेला मला आठवत नाही. मी त्यांचा हात धरला. मग मलाही सांगावंसं वाटलं. म्हटलं, "मले बी भेव लागते. पण दुकानात बसून राहिली ना मी दिवसभर, त कंबर तशीबी जाणारच आहे. हे गाडी गेली त मी पलंगावरून उठाले कायले उठू? मले एक तरी जागा पायजे, जिथे मी ठरवते कुठे वळाचं ते."

"हलू नका जी!" खालून शेंडेभाऊ ओरडले. "नट आवळून राहिलो. अना जे बोलाचं थे बोला, मले काही आयकू येत नाही."

आम्ही दोघंही हसलो. हसताना गाडी हलली, आणि खालून पुन्हा ओरडा आला.

रबराचा विचार माझ्या डोक्यातून नंतरही गेला नाही. घरात कोण कुठल्या जागी आहे, तिथे नरम हवं की कडक, हे मी तेव्हापासून बघायला लागले. दोन जावांच्या मधे, बापलेकांच्या मधे कुणीतरी दणका गिळत असतं. ते माणूस कडक झालं की घर सरळ चालतं, पण आतल्यांची हाडं खिळखिळी होतात. आणि फारच नरम असलं की घर कुठे जाईल त्याचा नेम नाही. मास्तर म्हणतात, तू आता कीर्तनाला उभी राहा.

मंडईच्या दिवशी सकाळी निघालो. मी चालवत, मास्तर शेजारी, त्यांच्या मांडीवर मायसाठी साडी आणि पायाशी फराळाचा डबा. मोहाडी जवळ आलं. जिथे वीज चमकली होती ती जागा आली, आणि मी दात आवळले. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, 'धप्प' असा पोटातला आवाज झाला, आणि तो तिथेच विरला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे. भंडारा मागे पडलं, हायवे लागला, एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला, आणि गाडी आपल्या रेघेवरून ढळली नाही. दोन्ही बाजूंना कापलेलं धान बांध्यांमध्ये आडवं पडलेलं, कुठे पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, आणि धसकटांतून लाखोरी डाळीचं कोवळं हिरवं वर आलेलं. लाखनीला मास्तर म्हणाले, थांबू, पाय मोकळे कर. मी नाही म्हटलं. मला तिथे उतरायचं नव्हतं. उतरण्याची एकच जागा ठरली होती.

साकोलीहून सानगडीकडे वळलो तसा रस्ता बिघडला. बैलगाड्या, सायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या लेकी, सगळी मंडई रस्त्यावर. मी पहिल्या गिअरमध्ये एकेक खड्डा मोजून-मापून पार केला. कंबर दुखत होती, खोटं कशाला बोलू. पण ते दुखणं जागच्या जागी होतं, पायात उतरत नव्हतं. दर थोड्या वेळाने मी बुटाच्या आत बोटं हलवून बघत होते. हलत होती. दुरून दंडारीची ढोलकी ऐकू आली आणि मला अचानक फार भूक लागली.

मायच्या घरासमोर बिछायतवाले आधीच येऊन बसले होते. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, ओट्यावर चहाची बशी. गाडी थांबली तसे ते उठले आणि बॉनेटवर थाप मारून बघायला लागले. माय दारातून आली. माणसं जमली, कारण मंडईत माणसांना बघायला काहीतरी हवंच असतं. मी इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. मास्तर त्यांच्या बाजूने उतरून फेरा घालून माझ्याकडे आले. रोजची सवय, त्यांचा हात पुढे आला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

मी उजवा पाय बाहेर ठेवला. जमीन लागली, बुटातूनही टणक लागली. मग डावा. तो आला. माझा मीच आणला. दाराच्या चौकटीला तळहात टेकला, अंग पुढे झोकलं, आणि गुडघ्यांवर भार घेतला. मधे एक क्षण असा आला की मी ना आत होते ना बाहेर. माय म्हणाली, "अवं धरा ना तिले कोणी!" कुणी धरलं नाही. मी उभी राहिले. सरळ. पदर सारखा केला.

माय माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मास्तर खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले, आणि तो काही केल्या स्वच्छ होईना.

बिछायतवाले गाडीला पूर्ण फेरी मारून आले. टपाच्या कापडाला हात लावला, सीटमध्ये वाकून पाहिलं, मान डोलावली. "रंग त बेस आहे. फुलाईचा खर्च वाचते. चला मास्तर, कागदं आणले ना?"

"नाही जी," मास्तर म्हणाले. "गाडी द्याची नाही."

"द्याची नाही?" त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मास्तरांकडे. "मंग तुमसराहून इतल्या दूर आणली कायले?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मंडई पाहाले," ते म्हणाले. "अना वापसबी नंदाच नेणार आहे."